जुन्या भिंतीवर नवा स्लॅब : शिराळ्याच्या गावांत घर दुरुस्ती नेमकी फसते कुठं?

शिराळा : ऊस गेला, बिल खात्यावर आलं, मुंबईतल्या पोरानं थोडे पैसे धाडले की तालुक्यात घराचं काम निघतं. एप्रिल-मे मध्ये गवंडी मिळत नाही, सेंट्रिंगच्या प्लेटा मिळत नाहीत आणि मिळाल्या की मृगाच्या आत सगळं उरकायची घाई होते. मग पहिला मोठा पाऊस पडतो आणि स्वयंपाकघरात बादली ठेवायची पाळी येते. भिंतीला ओल, स्लॅबला गळती, शेजाऱ्याबरोबर भांडण, अशा तक्रारी दर पावसाळ्यात चावडीवर ऐकू येतात. यातल्या निम्म्या तरी काम सुरू करण्याआधी टळण्यासारख्या असतात.

शिराळा तालुक्याचा पाऊस सगळीकडं सारखा नाही. मांगले-सागावकडं बेताचा, पण कोकरूड, चरण ओलांडून आरळा, मणदूरकडं गेलं की पावसाची जातच बदलते. तिथं चांदोलीचा डोंगर आडवा आहे. त्यामुळं इस्लामपूरच्या बाजूला चाललेलं काम बघून 'आपल्यालाबी तसंच करा' म्हणणं पश्चिम भागात महागात पडतं.

तीन टनाचं ओझं

जुनं घर बहुतेक दगड-मातीचं किंवा भेंड्यांचं. जोतं दगडाचं, वर मातीत रचलेली दीड-दोन फूट रुंद भिंत, त्यावर तुळया, वासे, रिपा आणि कौलं. सोपा, माजघर आणि मागं परडं. वानरं कौलं फोडतात आणि शाकारणी करणारा माणूस आता मिळत नाही, म्हणून लोक कंटाळतात. पोरगा फोनवर सांगतो, "आबा, कौलं काढा आणि स्लॅब टाका." गवंडी भिंतीवर थाप मारून म्हणतो, "दोन फुटाची भिंत हाय, हत्ती चढला तरी काय व्हनार न्हाय."

इथंच हिशेब चुकतो. दहा बाय दहाच्या एका खोलीवर पाच इंच जाडीचा स्लॅब टाकला तर त्याचं वजन साधारण तीन टन भरतं. तेवढ्याच खोलीवरची मंगलोरी कौलं, वासे आणि रिपा मिळून एक टनही भरत नाही. म्हणजे ज्या भिंतीनं पन्नास-साठ वर्षं एक टनाच्या आतलं ओझं पेललं, तिच्यावर एका दिवसात तिप्पट वजन येतं. भिंत कोरडी असेपर्यंत ती ते पेलतेही. पण मातीत रचलेल्या भिंतीत पाणी शिरलं की दगडांमधली माती मऊ होते आणि भिंत पोटातून फुगते. बाहेरचा आणि आतला थर वेगळा होतो. भिंतीच्या मध्यावर उभी भेग दिसली, किंवा गिलावा पोट काढल्यासारखा बाहेर आला, तर त्या खोलीत माणसं झोपवू नयेत.

हा भाग कोयना-वारणा खोऱ्याचा आहे, हेही विसरून चालत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप जुन्या माणसांना आठवतो. अधूनमधून भांडी वाजतील असे धक्के आजही बसतात. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत हजारो माणसं गेली. तिथली घरं दगड-मातीच्या भिंतींची होती आणि त्यांवर मातीचं जड माळवद होतं. भूकंपात कच्च्या भिंतीवरचं जड छप्पर घरातल्या माणसांवरच येतं. जुन्या भिंतीवर स्लॅब टाकणं म्हणजे सिमेंटचं माळवद घालण्यासारखंच आहे.

मग करायचं काय? स्लॅबच हवा असेल तर त्याचं ओझं पिलरवर घ्यावं. पिलर जमिनीत खडकापर्यंत किंवा मुरमापर्यंत न्यावेत, बीमनं एकमेकांना बांधावेत आणि जुन्या भिंतीचा उपयोग फक्त आडोशापुरता ठेवावा. पिलरचे खड्डे जुन्या भिंतीला चिकटून सगळे एकदम काढू नयेत. एक काढावा, भरावा, मग दुसरा. सगळे खड्डे उघडे राहिले आणि मध्येच वळीव आला तर जोत्याखालची माती खड्ड्यात उतरते. तेवढे पैसे नसतील तर जुनी भिंत, चांगली कैची आणि वर पत्रा किंवा कौलं हेच बरं. त्यात कमीपणा काही नाही. तालुक्यात स्लॅब गळतो म्हणून त्यावर पुन्हा पत्र्याची शेड मारलेली घरं गावोगाव दिसतात. छप्पर एक आणि खर्च दोनदा.

सामाईक भिंत

गावठाणातली घरं एकमेकांना टेकून उभी आहेत. दोन भावांची वाटणी झालेल्या घरांत तर मधली भिंत सामाईकच असते. एका भावानं आपली बाजू पाडली की दुसऱ्याच्या भिंतीचा टेकू जातो. आतापर्यंत कधी पावसात न भिजलेली बाजू उघडी पडते. त्यात भेंड्याची भिंत असेल तर चार दिवसांच्या झडीत खालून विरघळायला लागते. मग भिंत एकाची पडते, शिव्या दुसऱ्याला बसतात आणि मोजणीचा अर्ज पडतो.

पाडापाडीच्या आधी शेजाऱ्याला सोबत घेऊन दोन्ही बाजूंनी भिंतीचे फोटो काढून ठेवावेत. आधीची भेग कोणती आणि नंतरची कोणती, हे त्यावरून कळतं. तुळईची टोकं सामाईक भिंतीत किती आत गेली आहेत ते बघूनच हात लावावा. ती ओढून काढली तर पलीकडच्या घराचे दगड सुटतात. त्यापेक्षा टोक भिंतीत तसंच ठेवून तुळई अलीकडं कापावी. उघड्या पडलेल्या बाजूला त्याच आठवड्यात पत्रा किंवा ताडपत्री मारावी आणि पाडणाऱ्यानं ते स्वतःच्या खर्चानं करावं. ताडपत्रीचा खर्च कोर्टाच्या एका तारखेपेक्षा कमीच होतो. काय ठरलं ते कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात, भाऊ असला तरी.

पाडकाम दिवसाच करावं, वरून खाली करावं आणि लहान पोरांना लांब ठेवावं. जुन्या भिंतीच्या बिळांत उंदीर असतो आणि त्याच्या मागं साप. शिराळ्याच्या माणसाला सापाचं भय कमी, हे खरं. तरी विटा उचलताना हात आत घालू नये, पहार वापरावी. साप निघालाच तर काम थांबवून सर्पमित्राला बोलवावं.

रस्ता वर, घर खाली

ओल का चढते, याचं कारण बऱ्याचदा घरात नसतंच. गल्लीत काँक्रीटचा रस्ता झाला, पाच-सात वर्षांनी त्यावरच दुसरा थर पडला, पुढच्या निवडणुकीआधी पेव्हिंग ब्लॉक बसले. दर वेळी रस्ता चार-सहा इंचांनी वर येतो. ज्या घराला चढायला दोन पायऱ्या होत्या, त्याचा उंबरा आता रस्त्याच्या पातळीला आहे. पाणी घरात येतं किंवा जोत्याला धरून बसतं. पूर्वी वळचणीचं पाणी मातीत मुरायचं, आता काँक्रीटवरून थेट भिंतीच्या मुळाशी जातं.

त्यावर लोक उपाय करतात तो उलटा पडतो. ओली दिसणारी मातीची भिंत खरवडून तिला सिमेंटचा गिलावा करतात, वर ऑइलपेंट. दिवाळीला भिंत झकास दिसते. मातीची भिंत जमिनीतली ओल ओढते आणि शेणामातीच्या किंवा चुन्याच्या गिलाव्यातून ती हळूहळू बाहेर सोडते. सिमेंट आणि ऑइलपेंटनं ती वाट बंद होते. कोंडलेली ओल आणखी वर चढते, दोन फुटांवर होती ती चार फुटांवर जाते. दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात गिलाव्याचा आख्खा पापुद्रा सुटून येतो आणि आतली भिंत बोटानं उकरता येईल इतकी मऊ झालेली असते.

अशा भिंतीचा खालचा तीन-चार फुटांचा सिमेंट गिलावा काढून टाकावा, भिंत उन्हाळाभर वाळू द्यावी आणि चुन्याचा किंवा मातीचा गिलावा करावा. बाहेरून घराच्या कडेनं उतार देऊन पाणी गटारात सोडावं. पागोळ्या थेट जोत्यावर पडत असतील तर पन्हाळ लावावी. गल्लीचा रस्ता पुन्हा मंजूर झाला की जुना थर खोदून काढूनच नवा टाकावा, ही मागणी ग्रामसभेत करून ठरावाच्या वहीत लिहून घ्यावी. काम सुरू झाल्यावर मिक्सरसमोर उभं राहून भांडण्यात अर्थ राहत नाही.

स्लॅबच्या दिवशी

स्लॅबचा दिवस म्हणजे घरचं कार्यच. नारळ, मजुरांचं जेवण, गल्लीतली सगळी पोरं हजर. त्या गडबडीत एका गोष्टीवर नजर ठेवायची, ती म्हणजे पाणी. माल पातळ केला की तो लवकर पसरतो आणि मजुरांचे कष्ट वाचतात. पण घराच्या साध्या स्लॅबला ५० किलोच्या एका पोत्यामागं ३० लिटरच्या वर पाणी जाता कामा नये. वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. पुढं गळती त्यातूनच होते.

सळी प्लेटेला टेकलेली नको. खाली सिमेंटचे छोटे गट्टू लावून किमान २० मिलिमीटर अंतर सोडावं, नाहीतर सात-आठ वर्षांत सळी गंजून छताचे पोपडे पडतात. दगडाची खडी टेकवून भागवलेलं चालत नाही. दुसऱ्या दिवसापासून स्लॅबवर मातीचे वाफे करून पाणी साठवावं. हल्ली मिळणाऱ्या पीपीसी सिमेंटला किमान दहा दिवस पाणी लागतं. वाफे तिसऱ्या दिवशी कोरडे पडलेले असतात, कारण त्याच दिवशी उसाला पाण्याची पाळी असते.

सेंट्रिंगवाल्याला प्लेटा दुसऱ्या कामावर न्यायच्या असतात, त्यामुळं तो घाई करतो. पंधरा फुटांपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू सात दिवसांच्या आत काढू नयेत, त्याहून मोठा गाळा असेल तर चौदा दिवस थांबावं. बीमखालचे टेकू चौदा ते एकवीस दिवस. गावात एकवीस दिवसांची जुनी रीत आहे, ती पाळली तर काहीच बिघडत नाही.

एवढं करूनही गळलंच तर खालून पुट्टी आणि केमिकल फासण्यात पैसे घालू नयेत. पाणी वरच अडवावं लागतं. वर कोबा करताना दहा फुटांना सव्वा इंच तरी उतार पाइपाकडं द्यावा. कोबा झाल्यावर पाइपाचं तोंड बंद करून दोन दिवस दोन इंच पाणी तुंबवून ठेवावं आणि खाली ओल येते का ते बघावं. गवंड्याचा शेवटचा हप्ता त्यानंतरच द्यावा. हे आधीच बोलून ठेवलं तर त्यालाही वाईट वाटत नाही. गवंड्याचीही बाजू आहे. मालक रोज नवीन खिडकी सुचवतो, मुंबईहून व्हॉट्सअपवर वेगळाच फोटो येतो आणि केलेलं काम फोडायला लागतं. दर, उचल, माल कोणाचा आणि बदलाचे पैसे किती, हे एका वहीत लिहिलं की दोघांची झोप नीट होते.

पत्रा घालणाऱ्यांनी वळवाच्या वाऱ्याचा विचार करावा. पत्र्यावर दगड ठेवणं म्हणजे वादळात तो दगड कोणाच्या तरी डोक्यात घालणं. प्रत्येक अँगलला हुक-बोल्ट हवेत आणि कडेच्या ओळीला जास्त.

घर बदललं की राहणंही बदलतं आणि त्याचा पहिला फटका म्हाताऱ्या माणसांना बसतो. सारवलेल्या जमिनीवर जन्म गेलेली आजी चकचकीत फरशीवर ओल्या पायानं घसरते. खुब्याचं हाड मोडलं की अंथरूण धरलं, हे घराघरात पाहिलेलं आहे. मोरी, संडास आणि परड्याच्या वाटेवर तरी खरबरीत फरशी घ्यावी आणि भिंतीला धरायला एक पाइप बसवावा. तो फार महाग नसतो. संडासाचा शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किंवा बोअरपासून तीस-पस्तीस फूट तरी लांब असावा, उताराच्या वरच्या अंगाला तर नकोच.

अतिवृष्टीत भिंत पडलीच तर ढिगारा लगेच उचलू नये. आधी माणसं आणि जनावरं बाहेर काढावीत, वीज बंद करावी, मग फोटो आणि व्हिडिओ काढून तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, आणि ग्रामपंचायतीला कळवावं. केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळाच्या निकषांत नैसर्गिक आपत्तीत किमान १५ टक्के नुकसान झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये, कच्च्या घराला ४,००० रुपये आणि पडलेल्या गोठ्याला ३,००० रुपये धरले आहेत. पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १,२०,००० आणि डोंगरी भागात १,३०,००० रुपये. आपणच काम काढून उघडी ठेवलेली भिंत यात बसवणं अवघड जातं. पंचनाम्यावर सही करण्याआधी त्यात घर 'अंशतः' लिहिलंय की 'पूर्ण', 'कच्चं' लिहिलंय की 'पक्कं', ते वाचून घ्यावं आणि एक प्रत मागून ठेवावी. फोटोत घर क्रमांकाची पाटी आली तर आणखी बरं.