ठासणीच्या बंदुकीतील वंगणयुक्त चिंधी

नळीच्या तोंडातून भरावयाच्या रायफलीत गोल गोळीभोवती बसविण्यात येणारा तेलकट वा मेणकट कापडाचा तुकडा. गोळीचा व्यास नळीच्या अंतर्व्यासापेक्षा किंचित कमी ठेवतात व उरलेली फट चिंधीने भरून काढतात. नळीत दारू ओतल्यावर तोंडावर चिंधी व तीवर गोळी ठेवून दोन्ही गजाने तळापर्यंत ठासतात. बार उडाल्यावर गोळी बाहेर पडते आणि चिंधी तिच्यापासून सुटून थोड्या अंतरावर खाली पडते.

कार्य : चिंधी दारूच्या ज्वलनाने निर्माण होणारा वायू गोळीच्या बाजूने निसटू देत नाही, नळीतील सर्पिल खाचांची पकड घेऊन गोळीला फिरकी देते व गोळी दारूवर घट्ट धरून ठेवते. तिच्यातील वंगणाचे कार्यही तितकेच महत्त्वाचे आहे. सोरा, कोळसा व गंधक यांच्या काळ्या दारूचा वजनाने निम्म्याहून अधिक भाग ज्वलनानंतर घनरूपात उरतो व त्यातील बराचसा नळीत साचतो. वंगणामुळे हा थर मऊ राहतो आणि पुढील गोळी ठासणे शक्य होते. खनिज तेलाचा या थराशी संयोग होऊन डांबरासारखे कठीण किटण तयार होते. म्हणून प्राणिज चरबी, वनस्पतिज तेल व मधमाश्यांचे मेण यांना पसंती देतात.

कापड घट्ट विणीचे, सुती वा लिननचे असून त्याची जाडी साधारणपणे ०·२५ ते ०·५ मिमी. असते. नवे कापड धुऊन त्यातील खळ काढून टाकतात व नंतर ते वंगणात भिजवितात.

साठवण : भिजविलेली चिंधी दीर्घकाळ जशीच्या तशी राहत नाही. हवेतील ऑक्सिजनाने चरबी व तेल खवट होऊन त्यांत वसाम्ले तयार होतात. जवसाच्या तेलासारखी सुकणारी तेले बहुवारिकीकरणाने घट्ट होतात व कापड कडक करतात. अशा तेलाच्या चिंध्यांचा ढीग आपोआप पेटण्याचाही धोका असतो. पातळ तेल गुरुत्वाकर्षणाने खालच्या चिंध्यांत झिरपते आणि वरच्या कोरड्या पडतात. पाणी असलेल्या मिश्रणात बुरशी वाढून सुताचे तंतू कुजतात. म्हणून चिंध्या लागतील तेवढ्याच तयार करून घट्ट झाकणाच्या डब्यात, थंड व अंधाऱ्या जागी आणि दारूपासून दूर ठेवतात. भरलेली बंदूक तशीच ठेवल्यास वंगण दारूत उतरते. मग बार उडत नाही किंवा उशिरा उडतो. ब्रिटिश सैन्याने १८०० मध्ये स्वीकारलेल्या बेकर रायफलीच्या दस्त्यात चिंध्यांसाठी पितळी झाकणाचा खण होता.

पुनरुज्जीवन : जुनी चिंधी वापरण्यापूर्वी तिचे कापड तपासतात. दोन्ही हातांनी ताणली असता ती फाटली, किंवा उजेडासमोर धरली असता विरळ दिसली, तर ती टाकून देतात. कुजलेल्या तंतूंना वंगणाने बळकटी येत नाही. कापड मजबूत असून वंगण नुसतेच थिजले वा एका बाजूस गोळा झाले असेल, तर डबा गरम पाण्यात ठेवून मंद उष्णता देतात. मधमाश्यांचे मेण सु. ६२° ते ६४° से. तापमानास वितळते, त्यामुळे उघड्या ज्योतीची आवश्यकता नसते. वंगण खवट झाले असल्यास चिंध्या सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन पूर्ण वाळवितात व नव्या वंगणात भिजवितात. बार उडाल्यानंतर पडलेली चिंधी उचलून पाहिल्यास खात्री पटते : चांगली चिंधी अखंड राहून तिच्या कडा थोड्या विसकटतात; जळालेली वा भोके पडलेली चिंधी कापड निकामी किंवा वंगण अपुरे असल्याचे दर्शविते.

इतिहास : एन्फील्ड रायफलीत (१८५३) लांबट गोळी आली आणि चिंधीचे काम काडतुसाच्या वंगणयुक्त कागदाने होऊ लागले. उष्ण हवामानात हे वंगण कितपत टिकते, हे पाहण्यासाठी १८५३ मध्ये अशी काडतुसे भारतात पाठविण्यात आली. वंगणात शिपायांच्या धर्मभावना दुखावणारे काही नाही याची खात्री झाल्याशिवाय ती देऊ नयेत, असा इशारा कर्नल टकर या अधिकाऱ्याने त्याच वर्षी दिला. तो दुर्लक्षिला गेला. जानेवारी १८५७ मध्ये दमदम येथे गाय व डुक्कर यांच्या चरबीची वार्ता पसरल्यावर शिपायांनी स्वतःच वंगण तयार करावे अशी मुभा देण्यात आली. पण अविश्वास शमला नाही. २४ एप्रिल रोजी मीरत येथे ९० पैकी ८५ घोडेस्वारांनी काडतुसे नाकारली आणि १० मे रोजी तेथे उठाव झाला. उठावामागे इतरही कारणे होती. तथापि ठिणगी वंगणाच्या प्रश्नातून पडली. काडतुसांविषयीच्या या वार्तेचा उल्लेख वरसईचे विष्णुभट गोडसे यांच्या माझा प्रवास (१९०७) या ग्रंथातही आहे.

सद्यःस्थिती : भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये पिकांच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. गुळगुळीत नळीच्या बंदुकीत छरे भरताना चिंधीऐवजी कापड, काथ्या वा कागद यांचा बोळा ठासतात. तोही कोरडा व न कुजलेला असावा लागतो. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे अभयारण्यात व त्यापासून १० किमी.च्या आत राहणाऱ्या परवानाधारकास आपल्या नावाची नोंद करावी लागते. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या संग्रामपूर तालुक्यातील (बुलढाणा जिल्हा) अंबाबरवा अभयारण्याच्या (१९९७) परिसरातील गावांसही हा नियम लागू आहे. पिकाचे नुकसान होत असले, तरी विहित परवानगीशिवाय संरक्षित वन्य प्राण्यावर बंदूक चालविणे हा गुन्हा ठरतो.