अपुऱ्या दिवसांचे हृदय

भिलाई हे नाव उच्चारताच पोलादाच्या भट्ट्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी झालेल्या करारानुसार तेथे कारखाना उभा राहिला व ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. याच नगरीच्या सेक्टर ९ मध्ये कारखान्याचे जवाहरलाल नेहरू रुग्णालय व संशोधन केंद्र आहे. रुग्णसेवा करता करताच तेथे तरुण डॉक्टर राष्ट्रीय परीक्षा मंडळाचे पदव्युत्तर शिक्षण घेतात, आणि या शिक्षणात प्रत्येकास एक प्रबंध लिहावा लागतो. बालरोगशास्त्राच्या विद्यार्थ्यास खुणावणारा एक विषय म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या अर्भकाचे हृदय.

सदतीस आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेले मूल ते अपुऱ्या दिवसांचे. एक किलो वजनाच्या अशा बाळाच्या अंगात सारे मिळून सुमारे ९० मिलिलिटर रक्त असते. म्हणजे चहाचा एक लहान पेलाही पुरता भरावयाचा नाही. तपासणीसाठी दोन-चार थेंब घेतानाही येथे हात आखडावा लागतो.

गर्भाशयात फुप्फुसांना काम नसते, ती द्रवाने भरलेली असतात. यास्तव फुप्फुसाकडे निघालेले बहुतेक रक्त एका आडवाटेने थेट महारोहिणीत जाते. या वाटेस आपण रोहिणीनलिका म्हणू. डॉक्टर तिला डक्टस आर्टेरिओसस म्हणतात. मूल जन्मून पहिला श्वास घेते, रक्तातील प्राणवायू वाढतो, वार सुटल्याने प्रोस्टाग्लँडिन हे द्रव्य घटते, आणि पूर्ण दिवसांच्या बाळात ही नलिका बहुधा दोन-तीन दिवसांत आवळून बंद होते.

अपुऱ्या दिवसांच्या बाळात नलिकेचे स्नायू कच्चे असतात. ती उघडीच राहिली, तर प्रवाह उलटतो : महारोहिणीतील रक्त फुप्फुसांत घुसते. फुप्फुसे तुंबतात, आतडी व मूत्रपिंडे मात्र उपाशी राहतात. हृदय अधिक धावून ही तूट भरू पाहते. परंतु त्याच्याही स्नायूत अद्याप फारसा जोर नसतो.

पहिल्या दिवसांत स्टेथॉस्कोपने पुष्कळदा काहीच ऐकू येत नाही. म्हणून ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र घेतात. जेल आधी कोमट करावे लागते, कारण थंड स्पर्शानेही बाळ निवते. नलिका दीड मिलिमीटरहून रुंद असल्यास तिला मोठी म्हणण्याचा प्रघात आहे. पाव मिलिमीटर इकडेतिकडे झाले, की निदान पालटते! म्हणूनच चांगल्या अभ्यासात दोन डॉक्टर एकमेकांचे आकडे न पाहता तीच नलिका मोजतात व मग दोहोंतील तफावत तपासतात. हे काम कंटाळवाणे खरे, पण प्रबंधाचे मोल त्यातच असते. त्यापूर्वी आईबापांची लेखी संमती हवी. आणि ज्या नगरीत छत्तीसगढी, हिंदी, तेलुगू, मराठी बोलणारी कुटुंबे शेजारी राहतात, तेथे ती त्यांना समजेल अशा बोलीत मागितली पाहिजे.

इतक्या काटेकोर मोजणीचे कारण असे. इंडोमेथॅसिन या औषधाने नलिका बंद करता येते, हे १९७६ साली दिसून आले. पुढे आयब्युप्रोफेन व पॅरासिटॅमॉल यांचाही उपयोग होऊ लागला. औषध आहे, तर ते द्यावे, असे कोणासही वाटेल. परंतु इंडोमेथॅसिनसारखी औषधे मूत्रपिंडांना व आतड्यांना बाधू शकतात. नेदरलँड्स, बेल्जियम व डेन्मार्क येथील २०२३ सालच्या चाचणीत थांबून वाट पाहणे हे आयब्युप्रोफेन देण्याहून वाईट ठरले नाही; इंग्लंडमधील २०२४ च्या चाचणीतही लवकर आयब्युप्रोफेन दिल्याने मृत्यू वा फुप्फुसांचा दीर्घ विकार कमी झाला नाही. या चाचण्या अठ्ठावीस-एकोणतीस आठवड्यांआधीच जन्मलेल्या बाळांवरील होत. कोणत्या बाळाची नलिका आपोआप मिटेल आणि कोणाला औषधावाचून गत्यंतर नाही, हे केवळ रुंदीवरून सांगता येत नाही. तोवर नलिकेच्या मापाशेजारी लघवीचे प्रमाण, रक्तदाब आणि श्वासाचा वेग यांचीही नोंद वहीत होत राहते.