खनिज तेल प्रदूषण-अन्वेषण

पेट्रोल, डीझेल, रॉकेल, भट्टीचे तेल, वंगण तेल इत्यादी पदार्थ साठवण-टाक्या, नळमार्ग वा कारखाने यांतून गळून मृदेत व भूमिजलात शिरले असता त्यांचा उगम, व्याप्ती, खोली आणि माणसांपर्यंत पोहोचण्याचे मार्ग निश्चित करण्याच्या कार्यास प्रदूषण-अन्वेषण म्हणतात. निवासी जागेत दूषित पाणी पिण्यात व तेलाची बाष्पे घरांत येण्याचा संभव असल्याने हे कार्य निकडीचे ठरते. प्रस्तुत विवेचन सोलापूर शहर व परिसर यांना अनुलक्षून केले आहे. कारण वाळू-गाळाच्या भूमीसाठी विकसित झालेल्या परदेशी पद्धती दख्खनच्या कातळात जशाच्या तशा लागू पडत नाहीत.

मुंबईहून पुणेमार्गे येणारा पेट्रोलियम पदार्थांचा नळमार्ग सोलापूरजवळ पाकणी येथे पोहोचतो व तेथे तेल कंपन्यांची आगारे आहेत. याखेरीज पेट्रोल पंप, मोटारदुरुस्तीची गॅरेजे आणि जुन्या गिरण्यांच्या जागा हे संभाव्य उगम होत. उजनी धरणाचे पाणी शहरास मिळत असले, तरी नळाला काही दिवसांआड पाणी येण्याची स्थिती अनेक वर्षे राहिल्याने वसाहती विंधन विहिरींवर विसंबतात. त्यामुळे अल्प गळतीही क्षुल्लक नसते. भारतातील पेट्रोलमध्ये घनफळाने १ टक्क्यापर्यंत बेंझीन चालते. म्हणजे १ लिटर पेट्रोलमध्ये सु. ८.८ ग्रॅ. बेंझीन असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी सुचविलेली मर्यादा ०.०१ मिग्रॅ./लि. आहे. या हिशेबाने ते सर्व विरघळल्यास सु. ८,८०,००० लि. पाणी त्या मर्यादेपर्यंत पोहोचेल. बेंझीन हे मानवात कर्करोगकारक असल्याचे सिद्ध झाले आहे.

सोलापूरची भूमी बेसाल्टाच्या जवळजवळ आडव्या लाव्हा थरांची बनलेली आहे. वर काळी मृदा, तिच्याखाली मुरूम व नंतर संधी असलेला कातळ असा सर्वसाधारण क्रम आढळतो. काळ्या मृदेतील माँटमोरिलोनाइट हे खनिज पाण्याने फुगते व उन्हाळ्यात आकसते. ओली मृदा तेलाला बरीच अडविते. तीच मे महिन्यात भेगाळली म्हणजे तेल सरळ मुरमात उतरते. पुढे ते कातळातील संधी व तडे यांच्या अनुरोधाने सरकते. वाळूत दूषित पट्टा साधारणपणे भूमिजलाच्या उताराच्या दिशेने लांबत जातो. कातळात मात्र गळतीपासून वीस पावलांवरची विहीर निर्दोष व दोनशे पावलांवरची दूषित, असेही घडू शकते. म्हणून एका विहिरीच्या निर्दोष पाण्यावरून सर्व जागा निर्दोष ठरविणे ही अन्वेषणातील सर्वांत मोठी चूक होय.

पेट्रोल पाण्याहून हलके असल्याने तरंगते. उन्हाळ्यात भूमिजलाची पातळी उतरते तसे तेही खोल जाते. सप्टेंबरच्या पावसानंतर पातळी चढली की त्याचा काही भाग पाण्याखाली संधींत अडकून पडतो आणि विहिरीवरील तवंग नाहीसा होतो. विहीर साफ झाली असा रहिवाशांचा समज होतो, परंतु अडकलेल्या तेलातून बेंझीन विरघळणे चालूच असते. वासावरही विसंबता येत नाही. कारण पाण्यातील बेंझीनचा वास जाणवेपर्यंत उपरोक्त मर्यादा कित्येक पटींनी ओलांडलेली असते. यास्तव उन्हाळ्यात व पावसाळ्यानंतर अशी किमान दोनदा तपासणी आवश्यक आहे.

अन्वेषणाचा आरंभ यंत्राने नव्हे, तर जागेच्या इतिहासाने करावा. जुने नकाशे, परवाने व वृद्ध रहिवाशांच्या आठवणी यांतून बुजविलेल्या टाकीचा ठाव पुष्कळदा लागतो. त्याबरोबरच गटारांची भुयारे, पाण्याचे हौद व तळघरे यांतील बाष्पे ज्वालाग्राही वायुमापकाने तपासावीत. पेट्रोलची बाष्पे हवेपेक्षा जड असून हवेत सु. १.४ ते ७.६ टक्के या प्रमाणात ती पेट घेऊ शकतात. नंतर परिसरातील सर्व आडांची व विंधन विहिरींची पातळी एकाच दिवशी मोजतात. नवे छिद्र घ्यावयाचे झाल्यास ते प्रथम मुरमापर्यंतच घ्यावे. ‘बघू या खाली काय आहे’ म्हणून दूषित थरातून खोल विंधन केल्यास, वरचे तेल खालच्या निर्दोष पाण्यापर्यंत नेणारी वाट आपणच खोदतो. शिवाय दाबयुक्त हवेच्या घणाने विंधन करताना हवेबरोबर वंगण तेल आत जाते आणि बेंझीनसारखे बाष्पनशील पदार्थ उडून जातात. अशा छिद्राचा लगेच घेतलेला नमुना दोन्ही बाजूंनी फसवा ठरतो. पंपाचे गळके वंगणही असाच घोटाळा करते.

पाण्याचा नमुना काचेच्या लहान कुपीत, आत हवेचा बुडबुडा न ठेवता, सु. ४° से. तापमानास ठेवून प्रयोगशाळेत पाठवितात. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत उन्हातून नेलेला नमुना निरुपयोगी असतो. विश्लेषण वायुवर्णलेखनाने करतात. इंद्रधनुषी तवंग लोह-सूक्ष्मजंतूंमुळेही येतो. काडीने ढवळल्यास त्याचे तुकडे होतात, तर तेलाचा तवंग पुन्हा जुळून येतो.

गळतीचे वय ठरविण्यास पेट्रोलमधील पूरके उपयोगी पडतात. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले, म्हणून शिशाची सेंद्रिय संयुगे आढळल्यास गळती त्यापूर्वीची असण्याचा संभव असतो. अलीकडील पेट्रोलमध्ये इथेनॉल असते; सूक्ष्मजंतू ते प्रथम खातात व पाण्यातील ऑक्सिजन संपवितात, त्यामुळे बेंझीनचे अपघटन लांबते.

पंपांवरील टाक्यांचे नियमन पेट्रोलियम नियम, २००२ अन्वये होते. प्रदूषित स्थळांच्या व्यवस्थापनासाठी केंद्र शासनाने २०२५ मध्ये स्वतंत्र नियम केले असून त्यांनुसार प्राथमिक व तपशीलवार अशा दोन टप्प्यांनी तपासणी होते आणि शुद्धीकरणाचा खर्च प्रदूषण करणाऱ्यावर पडतो.