शिडाची होडी आणि रविवारची सुटी

कामगार चळवळीतल्या माणसाने व्याख्यानमालेत उभे राहून महागाई, बोनस किंवा नवे कामगार कायदे यांवर बोलावे अशी श्रोत्यांची अपेक्षा असते, आणि ती रास्तच आहे. म्हणून यंदा मी ‘शिडाची होडी कशी शिकावी व मंडळींना घेऊन सहलीस कसे जावे’ हा विषय कळविला, तेव्हा चिटणीसांचा मुद्दाम फोन आला. विषय लिहिण्यात काही चूक तर झाली नाही ना, असे त्यांनी विचारले. चूक झालेली नव्हती.

शिडाच्या होडीविषयी आपल्या मनात दोनच चित्रे असतात. एक साहेबलोकांचे. मुंबईत यॉट क्लब निघाला तो १८४६ साली, आणि तो कोणासाठी निघाला हे सांगावयास नको. दुसरे चित्र वीरांचे. नौदलातील दिलीप दोंदे हे १९ ऑगस्ट २००९ रोजी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या नौकेतून मुंबईहून एकटेच निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून १९ मे २०१० रोजी परतले. आपण टाळ्या वाजविल्या, आणि हे आपले काम नव्हे असे समजून घरी गेलो. या दोहोंच्या मधला जो माणूस, म्हणजे ज्याला आठवड्यात एक दिवस सुटी आहे, बेताचे पैसे आहेत आणि समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, त्याच्यासाठी माझे आजचे बोलणे आहे.

तो सुटीचा एक दिवसही फुकट मिळालेला नाही. मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली ती १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा दिली. मिळविलेल्या सुटीचे करावयाचे काय, हा प्रश्न मात्र आम्ही चळवळीतल्या लोकांनी फारसा विचारला नाही. फ्रान्समध्ये तो विचारला गेला, म्हणून थोडे तिकडचे सांगतो.

तेथे १९३६ च्या जून महिन्यात प्रचंड संप झाले आणि कायद्याने कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. ज्यांनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता अशी माणसे त्या उन्हाळ्यात सायकली घेऊन किनाऱ्याकडे निघाली. पुढे युद्ध आले. जर्मनांविरुद्ध भूमिगत राहून लढलेल्या फिलीप आणि एलेन व्हियान्ने या जोडप्याने युद्धानंतर, १९४७ साली, ब्रिटनी प्रांताच्या दक्षिणेस ग्लेनाँ नावाच्या लहानशा बेटांवर तरुणांसाठी तळ मांडला. त्यातूनच नौकानयनाची शाळा उभी राहिली. तेथे शिकविणारे बिनपगारी, आणि स्वयंपाक, भांडी, होडीची डागडुजी हे सगळे शिकणाऱ्यांनी पाळीपाळीने करावयाचे. त्यांना स्वस्त होडी हवी होती. एर्ब्युलो नावाच्या नौकाशिल्पकाराने प्लायवूडची चार मीटरांची होडी आखून दिली. तिचे नाव ठेवले ‘व्होरियाँ’, म्हणजे आपल्याकडे ‘उनाड’ म्हणू तसे. किंमत दोन सायकलींइतकी असे सांगत. अशा हजारो होड्या निघाल्या. इंग्लंडातही १९६० नंतरच्या दशकात ‘डेली मिरर’ या कामगारवर्गात खपणाऱ्या वर्तमानपत्राने घरच्या घरी जोडता येईल अशी तांबड्या शिडाची होडी लोकप्रिय केली. तात्पर्य, होडी महाग असते हा काही निसर्गनियम नव्हे. आपल्याकडे ती विकत घेण्याची गरजही नाही. चारसहा जणांनी मिळून भाड्याने घेता येते.

आता शिकण्याविषयी. शीड उभारले की वारा होडीला मागून ढकलतो, एवढेच नवशिक्याला ठाऊक असते. मग ती वाऱ्याच्या तोंडावर, आडवीतिडवी, कशी जाते? ओला चिंचोका बोटांच्या चिमटीत धरून दाबून पाहा. तो बोटांच्या दिशेने जात नाही, पुढे सटकतो. शीड एका बाजूने दाबते आणि होडीच्या बुडाखालची उभी फळी पाण्याला धरून दुसऱ्या बाजूने अडविते. या दोन दाबांमधून होडी पुढे निसटते. मात्र वारा जेथून येतो त्या दिशेच्या दोन्ही अंगांना सुमारे पंचेचाळीस अंशांच्या आत साधी होडी चालतच नाही. शीड नुसते फडफडते. तेव्हा वाऱ्याच्या दिशेने जावयाचे तर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशी नागमोडी वाट काढावी लागते. घाट चढणाऱ्या रस्त्याला हे कोणी शिकवावयास नको.

सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते. हे डोक्याला एका मिनिटात समजते, हाताला समजावयास दोन रविवार लागतात. त्याहून अवघड गोष्ट दोरीची आहे. वाऱ्याचा झपाटा आला, होडी कलंडू लागली, की जिवाच्या भीतीने माणूस हातातली दोरी घट्ट आवळतो. नेमके उलटे करावयाचे असते. दोरी सैल सोडली की शिडातला वारा निघून जातो आणि होडी सरळ होते. कारखान्यात राबलेल्या आमच्या गड्यांना सोडणे म्हणजे हार असे वाटे. त्यांना हे शिकविताना माझा घसा बसला. म्हणून पहिल्याच दिवशी, कमरेइतक्या शांत पाण्यात, होडी मुद्दाम उलटी करावी आणि सगळ्यांनी ती सरळ करावी. एकदा उलटून पुन्हा बसलेला माणूस अर्धा शिकला असे समजा. तरंगते जाकीट मात्र किनाऱ्यावरच बांधावे. एकट्याने जगप्रदक्षिणा करणाऱ्या जोशुआ स्लोकमला पोहता येत नव्हते, हा दाखला मला नेहमी ऐकविण्यात येतो. स्लोकम जन्मभर समुद्रावर वावरलेला होता. आपण रविवारचे खलाशी आहोत.

आणखी एक. शिकावयाचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. या दिवसांत मुंबईच्या बंदरात सकाळी जमिनीकडून मतलई वारा मंद वाहतो, दुपारी समुद्राकडून वायव्येचा खारा वारा चांगला लागतो आणि सूर्यास्ताच्या सुमारास तो पडतो. पावसाळ्यात लहान होडी बाहेर काढू नये. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट मुंबईसमोरच बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ती तर आगबोट होती.

सहलीची आखणी हा विषय मी शिकलो तो माझ्याच चुकीने. फेब्रुवारीतला रविवार होता. आम्ही अकरा जण दोन होड्यांतून अपोलो बंदराहून घारापुरीस गेलो. अंतर सुमारे दहा किलोमीटर. आमच्यात एक वयस्क कोळी गृहस्थ होते. गोदीतून निवृत्त झालेले, सगळे त्यांना काका म्हणत. लेणी पाहून झाली, डबे उघडले. तिघांचा उपवास होता, कारण त्या दिवशी संकष्टी होती. तीन वाजता काका उठले आणि म्हणाले, “भाऊ, पाणी फिरलं. आता निघायला पायजे.” मंडळींना आणखी बसावयाचे होते. मी जन्मभर जे केले तेच केले, हात वर करावयास सांगितले. नऊ विरुद्ध दोन. आम्ही पाच वाजता निघालो.

यातली चूक काय ती पाहा. मुंबईत भरतीची वेळ काढण्याचा जुना ठोकताळा आहे. तिथीची पाऊणपट करा, तितके वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. पुढे सुमारे सव्वासहा तास ओहोटी. आणि पाणी सारख्या वेगाने ओसरत नाही. पहिल्या तासाला बाराव्या हिश्श्याइतके, दुसऱ्याला दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्याला तीन-तीन, मग पुन्हा कमी. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मे पाणी निघून जाते. उधाणाला येथे पाण्याचा चढउतार चार मीटरांच्या वर जातो, चतुर्थीला त्याहून कमी, पण होडी ओढावयास तेवढा पुष्कळ झाला. संकष्टी आहे हे अकराही जणांना ठाऊक होते. तिघे तर त्यासाठी उपाशी होते. चाराची पाऊणपट कोणी केली नाही. ओहोटीच्या ऐन जोरात, वारा पडण्याच्या तासाला, मी मंडळींना पाण्यावर आणले.

निम्म्या वाटेवर वारा गेला. शिडे लोंबू लागली आणि ओहोटी आम्हांला दक्षिणेस, बंदराच्या तोंडाकडे, नेऊ लागली. दोन होड्यांत मिळून वल्ही दोन. काळोख पडला. काकांनी कोणाला न विचारता नांगर टाकला आणि दुसरी होडी दोराने बांधून घेतली. एक प्रचंड मालवाहू जहाज न्हावाशेव्याकडे गेले. त्याच्या लाटेने आम्ही गदागदा हललो. आमच्यापाशी दिवा म्हणावा तर एक विजेरी. ती मी इतका वेळ शिडावर रोखून धरली की खांदा भरून आला. त्या वेळी मला त्या नऊ हातांपैकी एकेकाच्या घरची माणसे आठवत होती. साडेनऊनंतर चंद्र उगवला, उपवासवाल्यांनी तेथेच हात जोडले, आणि त्याच सुमारास पाणी थांबून भरती लागली. काकांनी नांगर उचलला. बाराच्या पुढे धक्क्याला लागलो.

मतदानावरचा माझा विश्वास त्याने उडालेला नाही. कोठे जावयाचे, किती वर्गणी, कोणाला न्यावयाचे, तांडेल कोण, हे सर्व किनाऱ्यावर मताने ठरावे. परतीची वेळ आदल्या रात्री पंचांग आणि भरतीचे छापील वेळापत्रक दोन्ही पाहून ठरवावी आणि कागदावर लिहावी. एकदा होडी सुटली की तांडेलाचा शब्द. मात्र ‘परत फिरू’ असे म्हणण्याचा अधिकार सर्वांत घाबरट माणसालाही असावा आणि त्याची कोणी थट्टा करू नये. ‘पुढे जाऊ’ याला सर्वांची संमती लागते, ‘मागे फिरू’ याला एकाची पुरते. अंतर ठरविताना सर्वांत दुबळ्या हाताचा हिशेब धरावा. प्रत्येक होडीत निदान दोन जाणते, दोन वल्ही, पुरेसा दोर, नांगर, पाणी, दिवा. नावांची यादी किनाऱ्यावर एका जबाबदार माणसापाशी ठेवावी. ठरल्या वेळेनंतर तासाभरात मंडळी आली नाहीत तर त्याने तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर कळवावे. आमची यादी त्या रात्री माझ्याच खिशात होती.

पुढच्या वर्षी त्याच मंडळींपैकी आठ जण पुन्हा आले. त्यांतल्या दोघांच्या बायकाही आल्या, आणि त्यांच्यापैकी एकीचा सुकाणूवरचा हात माझ्याहून चांगला निघाला. जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी आम्ही सगळे सामानसुमान घेऊन धक्क्यावर जमलो होतो. काकांनी बंदराकडे पाहिले. पाण्यावर पांढरे तुरे दिसत होते. ते म्हणाले, “आज नाय.” वर्गणी भरलेली, रजा टाकलेली, एक जण तर पनवेलहून पहाटे निघालेला. कोणी हात वर करा म्हटले नाही. आम्ही तेथेच कठड्याला टेकून डबे उघडले, आणि दुपारपर्यंत काकांनी नवीन मंडळींकडून नांगराच्या दोराच्या गाठी मारून घेतल्या.