पानाला एकशे चौदा रुपये

5,379 रुपये. ऑक्टोबर 2009च्या विधानसभा निवडणुकीत तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण भोकरमधून उभे होते. वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींचा खर्च म्हणून त्यांनी हा आकडा दाखवला. केबल टीव्हीचे आणखी 6,000. एकूण 11,379. हिशेब अगदी शेवटच्या रुपयापर्यंत चोख.

आता दुसरा आकडा : 47. नोव्हेंबरअखेर पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’त लिहिले, तेव्हा त्यांच्यासमोर मराठी दैनिकांची 47 पूर्ण पाने होती. सगळी चव्हाण, त्यांचे नेतृत्व आणि त्यांचे सरकार यांच्या कौतुकाची, आणि छापलेली बातम्या म्हणून. काही पुरवण्यांचे नावच ‘अशोकपर्व’.

मोठ्या आकाराचे पान साधारण 33 सेंटिमीटर रुंद आणि 52 उंच धरू. 47 पानांचे क्षेत्रफळ आठ चौरस मीटर भरते. 5,379 रुपये त्यावर पसरले तर पानाला 114 रुपये पडतात, चौरस सेंटिमीटरला सात पैशांहूनही कमी. या भावात ‘वधू पाहिजे’ची एक ओळ कोणी छापून देणार नाही. आणि हासुद्धा उदार हिशेब झाला, कारण दाखवलेला खर्च वेगळ्या, उघड जाहिरातींचा होता. ती 47 पाने कागदोपत्री फुकटच.

ती फुकट असणे सोयीचेही होते. उमेदवाराची खर्चमर्यादा तेव्हा 10 लाख होती आणि चव्हाणांचा एकूण दाखवलेला खर्च सात लाखांच्या जरा आत. पानाला अवघे 10,000 रुपये लावले तरी 4 लाख 70 हजार होतात आणि मर्यादा ओलांडली जाते. राज्यभर खपणाऱ्या दैनिकात पूर्ण पान 10,000ला मिळेल, असे कोणताही जाहिरात विभाग हसल्याशिवाय सांगणार नाही.

त्याहून मजेशीर प्रकार म्हणजे ‘लोकमत’, ‘पुढारी’ आणि ‘महाराष्ट्र टाइम्स’ या एकमेकांच्या स्पर्धकांत चव्हाणांवरचा एक मजकूर शब्दशः सारखा आला. योगायोग? समजा मजकूर शंभरच शब्दांचा आहे आणि प्रत्येक जागी लिहिणाऱ्यापुढे दोनच शब्दांचा पर्याय आहे. तरी वेगवेगळ्या बातम्या होतात दोनाचा शंभरावा घात, म्हणजे 31 आकडी संख्या. विश्व जन्मल्यापासून दर सेकंदाला एक बातमी लिहीत बसलो असतो, तरी आज 18 आकडी संख्येवरच असतो. तेव्हा मजकूर एकाच टेबलावरून गेला, हे उघड आहे. पत्रक तीन ठिकाणी पाठवणे गुन्हा नाही. ते आपली बातमी म्हणून वाचकाच्या हाती देणे ही मात्र फसवणूक, पैसे घेतले असोत वा नसोत.

पैसे दिल्याचे चव्हाणांनी नाकारले. मे 2014मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक आयोगाला खर्चाचा खरेखोटेपणा तपासण्याचा अधिकार आहे असे ठरवले. जुलैत आयोगाने आदेश काढून चव्हाणांना नोटीस दिली. सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा तो आदेश रद्द केला. पैसे घेऊन बातम्या छापण्याच्या ‘पॅकेज’ची पावती फाडत नाहीत, त्यामुळे पुरावा म्हणून उरतात ती फक्त छापलेली पाने.

असल्या विकतच्या बातम्यांबद्दल वर्तमानपत्रांची चौकशी करायला बसलेल्या प्रेस कौन्सिलचीही गंमत पाहा. तिच्या उपसमितीतल्या परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांनी 2010 साली सत्तरेक पानांचा अहवाल दिला, त्यात वर्तमानपत्रांची नावे होती. कौन्सिलने प्रसिद्ध केला तो छोटा, नावे गाळलेला अहवाल. मूळ अहवाल लोकांसमोर आला 2011मध्ये, तोही केंद्रीय माहिती आयोगाने सांगितल्यावर.

त्याच वर्षी उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना निवडणूक आयोगाने तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले. बातमीच्या वेशातल्या जाहिरातीचा खर्च त्यांनी हिशेबात दाखवला नव्हता. रक्कम होती 21,250 रुपये. असल्या प्रकरणात आमदार अपात्र ठरण्याची ती पहिलीच वेळ.

2022पासून मोठ्या राज्यांत विधानसभेच्या उमेदवाराची मर्यादा 40 लाख आहे. त्याच्या पक्षाने किती खर्च करावा, याला मर्यादाच नाही.