खतमात्रेच्या हिशेबातील दशांश आणि कंस

बागायती गव्हाची वेळेवर पेरणी करावयाची असल्यास दर हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद व ४० किलो पालाश द्यावे, अशी महाराष्ट्रात सर्वसाधारण शिफारस आहे. मातीपरीक्षणाचा अहवाल हाती असल्यास त्याप्रमाणे या आकड्यांत फेरफार करावा, हे ओघानेच आले. परंतु शिफारस हेक्टरची असते, शेत एखाद्याचे ६४ आर भरते, आणि दुकानात मिळते ते नत्र नव्हे, तर युरिया. या तिहींची सांगड घालताना चांगल्या कसणाऱ्या शेतकऱ्याचीही खतमात्रा पुष्कळदा बिघडते.

प्रथम क्षेत्र पाहावे. १०० आर म्हणजे १ हेक्टर, म्हणून सातबाऱ्यावरील ६४ आर म्हणजे ०.६४ हेक्टर. १ हेक्टर ५ आर असल्यास मात्र १.०५ लिहावे, १.५ नव्हे. एकर-गुंठ्यांत मोजणाऱ्यांनी याहून अधिक जपले पाहिजे. ६४ आर म्हणजे सुमारे १ एकर २३ गुंठे. पण ते १.२३ एकर नव्हेत. एकराचे गुंठे ४० असल्यामुळे २३ ला ४० ने भागावे, येणारे ०.५७५ एकात मिळवावे, म्हणजे १.५७५ एकर होतात.

०.६४ हेक्टरला ७६.८ किलो नत्र, ३८.४ किलो स्फुरद व २५.६ किलो पालाश लागेल. स्फुरद डीएपी खतातून द्यावयाचे ठरले, तर त्यात स्फुरद शेकडा ४६, म्हणजे किलोमागे ०.४६ किलो असते. म्हणून ३८.४ ला ०.४६ ने भागावे. भाजक पूर्णांक करण्यासाठी त्याचे दशांशचिन्ह दोन घरे उजवीकडे न्यावे आणि भाज्याचेही तितकेच न्यावे :

३८.४ ÷ ०.४६ = ३८४० ÷ ४६ = ८३.४८

भाज्याचे चिन्ह एकच घर सरकवून ३८४ ला ४६ ने भागणारे थोडे नाहीत. त्यांना ८ किलोंच्या आसपास उत्तर मिळते. ही चूक ओळखणे अवघड नाही. एकाहून लहान संख्येने भागले असता उत्तर भाज्यापेक्षा मोठे यावयास हवे, आणि ०.४६ हे अर्ध्याहून किंचित कमी असल्याने ते दुपटीहून किंचित अधिक असले पाहिजे.

आता नत्राचा हिशेब. डीएपीमध्ये शेकडा १८ नत्रही असते; तेव्हा ८३.४८ किलोंतून १५.०३ किलो नत्र मिळाले. उरलेले युरियातून द्यावयाचे, आणि युरियात नत्र शेकडा ४६ असते. (आकडा डीएपीतील स्फुरदाचाच, म्हणून घोटाळा होतो; अन्नद्रव्य मात्र निराळे.)

(७६.८ − १५.०३) ÷ ०.४६ = ६१.७७ ÷ ०.४६ = १३४.२८ किलो युरिया

कंस गाळला की ‘कंचेभागुबेव’ या शाळेतील नियमाप्रमाणे भागाकार आधी होतो. १५.०३ ला ०.४६ ने भागून आलेले ३२.६७ हे ७६.८ मधून वजा होतात आणि उत्तर ४४.१३ किलो येते. इतकाच युरिया टाकल्यास डीएपीसह पिकास एकूण ३५ किलोंच्या आसपास नत्र पोचेल, म्हणजे गरजेच्या निम्म्याहूनही कमी.

येथे एक चमत्कारिक गोष्ट घडते. दुकानातील साधे गणकयंत्र कळा दाबाल त्या क्रमाने हिशेब करीत जाते, म्हणून कंस न देताही ते १३४.२८ दाखविते. बहुतेक मोबाइलवरील गणकयंत्रे मात्र भागाकार आधी करतात आणि त्याच कळांना ४४.१३ हे उत्तर देतात. म्हणून वजाबाकी आधी करून ६१.७७ कागदावर लिहावे व मगच भागावे. मग यंत्र कोणतेही असो.

पेरणीच्या वेळी ७६.८ चे निम्मे, म्हणजे ३८.४ किलो नत्र द्यावयाचे असते. त्यातून डीएपीतील १५.०३ वजा जाता उरलेल्या २३.३७ किलोंसाठी ५०.८ किलो युरिया पुरतो. स्फुरद व पालाश संपूर्ण याच वेळी द्यावे. पालाशासाठी शेकडा ६० पालाश असलेले म्युरिएट ऑफ पोटॅश २५.६ ÷ ०.६, म्हणजे ४२.७ किलो घ्यावे. राहिलेला ८३.५ किलो युरिया पेरणीनंतर २१ दिवसांच्या सुमारास, मुकुटमुळे फुटताना, पाण्याच्या पाळीबरोबर द्यावा.

युरियाची गोणी २०१८ पासून ५० ऐवजी ४५ किलोंची झाली आहे. १३४.२८ ला ४५ ने भागले असता २.९८ येतात, म्हणजे ३ गोण्या आणाव्यात. डीएपीची ५० किलोंची १ गोणी घेऊन दुसरीतील ३३.५ किलो वापरावे.