बारा मार्कांचा प्रश्न

एम-थ्रीचा बॅक डोक्यावर असताना मी गेल्या सेमिस्टरला रात्र-रात्र बसून धर्माचा अभ्यास केला, हे ऐकून आमच्या विंगमधली पोरं अजून हसतात. पण झालं तसंच.

माझी मामेबहीण इंग्लंडमध्ये शिकते. तिकडे सोळाव्या वर्षाच्या आसपास जीसीएसई असते, म्हणजे आपली दहावीच म्हणा. त्यात 'रिलिजस स्टडीज' हा विषय. २०१६ पासून शिकवल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमात दोन धर्मांचा अभ्यास करावा लागतो. तिच्या शाळेत बौद्ध आणि ख्रिस्ती. मामींचा फोन आला, "आपण बौद्धच ना रे? मग तिला जरा समजावून सांग." मी म्हटलं, त्यात काय! त्रिशरण-पंचशील लहानपणापासून पाठ आहे.

पहिल्याच रात्री माझी विकेट गेली. प्रश्न होता, सिद्धार्थाने घर का सोडलं? मी ताडकन सांगितलं, रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांचा तंटा झाला, सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला, म्हणून. ती म्हणाली, "दादा, पुस्तकात हे नाहीच. इथे 'चार दृश्यं' आहेत. म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी."

रोहिणीची गोष्ट मी आजीकडून ऐकलेली. ती आली बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातून. मूळ इंग्रजी ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ साली निघाला. त्यात त्यांनी सरळ विचारलंय, की एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा, आजारी, मेलेला माणूस पाहिलाच नव्हता, हे पटतं का? चार आर्यसत्यं मूळ बुद्धवचनात होती का, हेही त्यांनी विचारलंय. मी तावातावाने म्हटलं, "तुझं पुस्तकच चूक आहे!" ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, "बरं. पण पेपरात काय लिहू?"

खरा प्रश्न हाच होता.

मग मी शहाण्यासारखा पेपरचा पॅटर्न बघितला. तिचं बोर्ड एक्यूए. पेपर पावणेदोन तासांचा. प्रत्येक भागात १, २, ४, ५ आणि १२ मार्कांचे प्रश्न. एक मार्काला पर्याय निवडायचा, दोनला दोन मुद्दे. चारला दोन मुद्दे थोडे फुलवून. पाचला तेच, पण धर्मग्रंथाचा किंवा दुसरा आधार देऊन. बाराला एक विधान देतात. त्याच्या बाजूने लिहा, दुसरी बाजू लिहा आणि शेवटी कारणासह निष्कर्ष काढा.

म्हणजे हा पेपर 'खरं काय' हे विचारतच नाही. कोण काय मानतं आणि का मानतं, एवढंच विचारतो. लहान प्रश्नांत 'बौद्ध परंपरा असं सांगते' म्हणून चार दृश्यं लिहायची. बारा मार्कांत मात्र 'सगळे बौद्ध असं मानत नाहीत' म्हणून रोहिणी लिहायची, बाबासाहेबांच्या नावासकट आणि त्यांच्या तर्कासकट.

दुसरी अडचण वेगळीच निघाली. शब्द ओळखीचे असले की माणूस फसतो. 'दुःख' म्हणजे आपल्याला रडारड वाटते. पालीतलं दुक्ख त्याहून मोठं आहे. सुखाचे दिवससुद्धा टिकत नाहीत, ती अपुरी राहणारी गोष्टही त्यात येते. 'कर्म' म्हटलं की आपण कपाळाला हात लावतो. बौद्ध विचारात कर्म म्हणजे नशीब नाही, हेतूने केलेली कृती. आणि 'अनत्ता' म्हणजे कायम टिकणारा आत्मा नाहीच.

ख्रिस्ती भागासाठी रूम पार्टनर धावून आला. तो वसईचा कॅथलिक. मी त्याला म्हटलं, तुमचं त्रैक्य म्हणजे ब्रह्मा-विष्णू-महेश ना? त्याने कपाळ बडवलं. "तीन देव नाहीत बाबा. देव एकच. पिता, पुत्र, पवित्र आत्मा या त्यातल्या तीन व्यक्ती." शुद्धिस्थान कॅथलिक मानतात, बहुतेक प्रोटेस्टंट मानत नाहीत, हेही त्यानेच सांगितलं. चार मार्कांसाठी आयता फरक मिळाला.

मग आला सगळ्यांत अवघड मुद्दा. देव सर्वशक्तिमान आणि प्रेमळ आहे, तर जगात यातना का? पुस्तकातलं उत्तर असं, की देवाने माणसाला स्वतंत्र इच्छा दिली. पार्टनर थोडा थांबून म्हणाला, "आमची आजी दोन वर्षं अंथरुणावर होती. तेव्हा घरी स्वतंत्र इच्छा कोणी काढली नाही. आई एवढंच म्हणायची, येशूनेही क्रूसावर सोसलं, तो आपल्याबरोबर आहे." मी म्हटलं, हेही लिहायला सांगू या. बौद्ध भागात निर्माता देवच नाही, म्हणून तिथे हा प्रश्न उलट्या टोकाने येतो. यातना आहे इथूनच सुरुवात, मग तिचं कारण आणि उपाय.

त्या रात्री आम्ही दोघं अडीचपर्यंत बोलत बसलो. बहीण केव्हाच फोन ठेवून झोपली होती. दोन वर्षं एका खोलीत राहून आम्ही एकमेकांना हे कधी विचारलंच नव्हतं.

पेपर झाल्यावर आजीने मला फोन करून एकच चौकशी केली, "पोरीनं रोहिणीचं लिहिलं का?"

"लिहिलं आजी," मी म्हटलं, "पण दुसऱ्या परिच्छेदात."